घरातल्या मोठ्या माणसांसाठी पहिलं स्मार्टवॉच घेताना

पहाटे साडेपाचला साताऱ्यात अजिंक्यतारा किल्ल्याच्या चढाला लागलं की अंधारात चेहरे ओळखू येत नाहीत, पण हात हलतील तसे मनगटावरचे छोटे स्क्रीन उजळताना दिसतात. काही वर्षांपूर्वी असली घड्याळं पळायला येणाऱ्या पोरांच्या हातात असायची. आता निवृत्त गुरुजी, एसटीतले वाहक, मंडईत भाजी विकणाऱ्या मावशी, सगळ्यांच्या हातात आहेत. किंमत आवाक्यात आली. फोन पिशवीतून न काढता कोणाचा आलाय ते कळतं. आणि डॉक्टरांनी ‘रोज चाला’ म्हटलं की किती चाललो हे मोजायलाही काहीतरी लागतं.

आमच्या घरात स्मार्टवॉच आलं ते माझ्या सासऱ्यांसाठी. त्यांना मी मामा म्हणते. वय ७२, रक्तदाबाची गोळी चालू, रोज किल्ल्यावर जाणार आणि फोन घरी चार्जिंगला लावून जाणार. पहिलं घड्याळ मी चुकीचं घेतलं. सेलमध्ये, फोटो बघून, ‘बीपी दाखवतं’ एवढं वाचून मागवलं. ते रोज सकाळी ११८/७८ च्या आसपास आकडा दाखवायचं. मामांना वाटलं, बीपी आटोक्यात आलं. त्यांनी कोणाला न सांगता गोळी एक दिवसाआड केली. दीड महिन्यानं तपासणीला गेलो, तर डॉक्टरांच्या पट्ट्याच्या यंत्रावर १७२/१०० निघालं. त्या रात्री मी टॉवेलची गुंडाळी केली, तिला ते घड्याळ बांधलं आणि बीपी मोजायला लावलं. टॉवेलचं बीपी आलं ११६/७६.

त्यानंतर मी नीट वाचलं, विचारलं, आणि आजवर घरातली व शेजारची मिळून आठ-नऊ घड्याळं जोडून दिली. आई-वडिलांसाठी किंवा सासू-सासऱ्यांसाठी पहिलं घड्याळ घेणाऱ्यांना समोर ठेवून हे लिहितेय. स्वतःसाठी घेणार असाल तरी यातलं बरंच कामी येईल.

१. आधी काम ठरवा

दुकानात जाण्यापूर्वी ज्यांच्यासाठी घ्यायचंय त्यांच्याशेजारी बसा आणि विचारा, ‘यानं तुमचं कोणतं काम सोपं व्हायला हवं?’ दोन कामं कागदावर लिहा. दोनच. मामांचं उत्तर होतं: गोळीची आठवण आणि आलेला फोन कळणं. आमच्या आत्यांचं, म्हणजे सासूबाईंचं उत्तर होतं: ‘मिक्सर चालू असला की पोरीचा फोन ऐकू येत नाही.’ एवढ्या कामाला दोन-अडीच हजारांचं घड्याळ पुरतं. शंभर खेळांचे प्रकार आणि दोनशे डायल असलेल्या घड्याळाला जादा पैसे मोजायची गरज नाही.

कागदावर उतरलेलं काम घड्याळाला खरंच जमणार आहे का, हेही याच वेळी बघा. माझे भाऊजी कोरेगावकडे शेती करतात. उसाला पाणी धरताना फोन बांधावरच्या पिशवीत, आणि मोटर बंद पडली की मोबाईल स्टार्टरचा, म्हणजे मोटरीला जोडलेल्या सिमच्या यंत्राचा, फोन येतो तो पिशवीतच वाजत राहतो. ‘घड्याळ घेतलं की हातावर कळेल,’ म्हणून त्यांनी घेतलं. पण साधं स्मार्टवॉच फोनशी ब्लूटूथनं बोलतं, आणि त्याचा पल्ला मोकळ्या जागेत साधारण १० मीटर. ब्लूटूथच्या लहरी पाण्यात शोषल्या जातात. उसाची ओली पानं आणि आपलं शरीर, दोन्हींत पाणीच पाणी. चार सऱ्या आत गेलं की संबंध तुटलाच. शेवटी फोन चेनच्या प्लास्टिक पाकिटात घालून सदऱ्याच्या खिशात ठेवायला लागले, तेव्हा काम झालं. म्हणून आधीच पक्कं समजून घ्या: फोन घरी ठेवून घड्याळ एकटंच घेऊन गेलं, तर सिम नसलेल्या घड्याळावर कोणाचाही कॉल येणार नाही. ते पावलं मोजेल, ठोके मोजेल, गजर देईल, बाकी काही नाही.

मामांना फोन सोबत न्यायची सवय लावणं हे घड्याळ घेण्यापेक्षा मोठं काम ठरलं. त्यांच्या ट्रॅक पँटला आत्यांनी चेनचा खिसा शिवून दिला, तेव्हा कुठे ते जमलं.

२. घरातला फोन बघा

फोन कोणता आहे त्यावर घड्याळ ठरतं. ॲपलचं घड्याळ फक्त आयफोनला जोडता येतं. सॅमसंगची २०२१ नंतरची गॅलेक्सी घड्याळं फक्त अँड्रॉइड फोनला. कमी किमतीतली बहुतेक घड्याळं दोन्हीकडे चालतात, पण खोक्यावर अँड्रॉइडची किमान आवृत्ती लिहिलेली असते. फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’ उघडून ती ताडून बघा. मोठ्यांच्या हातात बऱ्याचदा घरातला जुना फोन असतो, आणि तिथेच गाडी अडते. बटनांच्या फोनवर घड्याळाचं ॲप चालत नाही, त्यामुळे त्याच्या भरवशावर स्मार्टवॉच घेऊ नका.

३. कोणत्या प्रकारचं घ्यायचं

बाजारात नावं ढीगभर असली तरी प्रकार चारच.

फिटनेस बँड: बारीक, हलका, बॅटरी आठवडाभर किंवा जास्त. त्यात बोलता येत नाही आणि अक्षरं बारीक. साठीच्या पुढच्यांना मी तो सुचवत नाही.

ब्लूटूथ कॉलिंगचं घड्याळ: माईक आणि स्पीकर असलेलं, दीड ते पाच हजारांतलं. आपल्याकडे बहुतेकांच्या हातात हेच दिसतं. नॉइज, बोट, फायर-बोल्ट, फास्टट्रॅक ही नावं याच गटात जास्त ऐकू येतात.

जीपीएसचं घड्याळ: उपग्रहांवरून जागा आणि अंतर काढणारं, पळणाऱ्यांसाठी. २०१२ पासून होणाऱ्या सातारा हिल हाफ मॅरेथॉनसाठी यवतेश्वरच्या घाटात सराव करणाऱ्यांना हेच लागतं. कारण साधं घड्याळ अंतर काढतं ते पावलं गुणिले पावलाची लांबी असं. घाट चढताना पाऊल आखूड पडतं, उतरताना लांब, आणि हिशोब चुकतो. ‘जीपीएस आहे’ असं दुकानदार म्हणाला तर विचारा, घड्याळाचं स्वतःचं की फोनचं वापरणारं? ‘कनेक्टेड जीपीएस’ म्हणजे फोन सोबत हवाच. स्वतःचं जीपीएस असलं तरी मोकळ्या जागी थोडं थांबून उपग्रह सापडू द्या, मग पळायला सुरुवात करा.

सिमचं घड्याळ: यात ई-सिम, म्हणजे कार्ड न घालता चालणारं सिम असतं आणि फोन घरी ठेवूनही बोलता येतं. किंमत साधारण वीस हजारांच्या पुढे, शिवाय बॅटरी रोज चार्ज करावी लागते. जिओ आणि एअरटेलकडे अशी सोय आहे, पण ती निवडक घड्याळांनाच मिळते. फोनचं सिम ज्या कंपनीचं, तिचंच ई-सिम घड्याळात चालतं. एकटे राहणारे, एकटे फिरणारे वडीलधारे असतील आणि पैसे जमत असतील, तर हा खर्च मला योग्य वाटतो.

एक पाचवा प्रकार रस्त्यावर आणि मोबाईलवरच्या जाहिरातींत दिसतो: ॲपलसारखं नारिंगी पट्ट्याचं, ‘अल्ट्रा’ नावाचं, हजार-बाराशेत मिळणारं. त्याला हातही लावू नका.

४. दुकानात जाताना काय न्यायचं

– ज्यांच्यासाठी घ्यायचं ती व्यक्ती. त्यांच्या हातावर बसलं पाहिजे, त्यांना वाचता आलं पाहिजे.
– त्यांचाच फोन, चार्ज केलेला, इंटरनेट चालू.
– त्यांच्या फोनमधल्या गुगल खात्याचा ईमेल आणि पासवर्ड, वहीत लिहून. ॲप डाउनलोड करताना इथेच तास जातो. खातं नातवानं काढून दिलेलं, नातू पुण्यात आणि पासवर्ड कोणालाच माहीत नाही, हे चार घरांत बघितलंय.
– ओटीपी येणारं सिम त्याच फोनमध्ये आहे याची खात्री.
– वाचायचा चष्मा. घरी विसरू नका.

ई-सिमचं घेणार असाल तर फोनचं सिम कोणाच्या नावावर आहे तेही आधी बघून ठेवा. मोठ्यांची सिम पुष्कळदा मुलाच्या नाहीतर जावयाच्या नावावर निघतात.

५. दुकानात उभं राहून करायच्या तपासण्या

मी आता ऑनलाइन किंमत बघते, पण खरेदी पोवई नाक्यावर नाहीतर राजवाड्याच्या बाजूला दुकानात जाऊन करते. शंभर-दोनशे रुपये जास्त गेले तरी चालतील, कारण पुढच्या तपासण्या फोटोवर होत नाहीत.

पहिली, उन्हाची. घड्याळ घेऊन दुकानाबाहेर रस्त्यावर या आणि मोठ्यांनाच वेळ वाचायला सांगा. ॲमोलेड स्क्रीन उन्हात सहसा बरा दिसतो. स्वस्तातला एलसीडी आत झकास आणि बाहेर काळाकुट्ट, असं होतं.

दुसरी, मराठीची. ही मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते आणि कोणी करत नाही. दुकानातून घरी कोणाला तरी सांगून व्हॉट्सॲपवर मराठीत निरोप मागवा. मी हे वाक्य पाठवायला सांगते: ‘कृष्णाकाकांच्या वाड्यात पाचला पोहोचा, गोळ्या सोबत घ्या.’ चांगल्या घड्याळात ते जसंच्या तसं येतं. काहींमध्ये जोडाक्षरं फुटतात, वेलांट्या सरकतात, तर काहींमध्ये नुसते चौकोन येतात. ‘हिंदी चालतं’ या उत्तरावर समाधान मानू नका, ‘ळ’ येतो का ते बघा. नावं मराठीत सेव्ह केली असतील तर तीही बघून घ्या.

तिसरी, आवाजाची. एक कॉल लावून रहदारीच्या आवाजात बोलून बघा. समोरच्याला तुमचा आवाज कसा जातोय तेही विचारा.

चौथी, थरथरीची. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांच्यासाठी मनगटावरची थरथर हाच खरा निरोप. ती जोरकस हवी.

पाचवी, पट्ट्याची. २० किंवा २२ मिलिमीटरचा, पिनेवर निघणारा पट्टा असेल तर पुढे कुठेही मिळतो. कंपनीचाच खास पट्टा असेल तर तुटल्यावर शोधत फिरावं लागतं. चार्जरचंही तसंच. तो बहुतेकदा त्या मॉडेलचाच चुंबकी चार्जर असतो, दुसऱ्याचा लागत नाही. हरवला तर वेगळा मिळतो का आणि केवढ्याला, हे घेतानाच विचारा.

मग खोकं उलटं करा. त्यावर कमाल किंमत, महिना-वर्ष, बनवणाऱ्याचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता हवा. भारतीय मानक ब्युरोचा ‘आर’नं सुरू होणारा आठ अंकी नोंदणी क्रमांक असतो. ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये तो टाकला की खरा की खोटा ते कळतं. पक्कं जीएसटीचं बिल घ्या, त्यावर मॉडेल आणि अनुक्रमांक लिहून मागा, आणि लगेच फोनमध्ये फोटो काढून ठेवा. बिलाची शाई वर्षभरात उडते.

एक प्रश्न शेवटी नक्की विचारा: ‘बिघडलं तर साताऱ्यातच देता येतं की कुरियरनं पाठवायचं?’ माझं पहिलं घड्याळ स्क्रीन बंद पडल्यावर कुरियरनं गेलं आणि २४ दिवसांनी परत आलं. तेवढ्यात मामांची सवय मोडली.

६. घरी जोडणी

आधी घड्याळ पूर्ण चार्ज करा. घाईत २० टक्क्यांवर जोडायला घेतलं आणि अपडेट मध्येच अडकलं तर उगाच त्रास.

सगळ्यांची होणारी चूक म्हणजे फोनच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये जाऊन घड्याळ शोधणं आणि तिथूनच जोडणं. तसं करू नका. खोक्यातल्या पुस्तिकेवर असलेला क्यूआर कोड स्कॅन करून कंपनीचं ॲप घ्या, ॲप उघडा आणि ॲपमधूनच घड्याळ जोडा. चुकून आधी जोडलं असेल तर ब्लूटूथमधून ते विसरायला लावा आणि पहिल्यापासून सुरू करा. कॉलिंगच्या घड्याळाची कधी कधी दोन नावं दिसतात, एक माहितीसाठी आणि एक बोलण्यासाठी. दुसरं नाव दिसलं म्हणून शेजाऱ्याचं समजून सोडू नका, कॉलसाठी तेही जोडावं लागतं.

ॲप परवानग्या मागेल. नोटिफिकेशन, कॉल, संपर्क या द्याव्याच लागतात, नाहीतर नावाऐवजी नुसता नंबर दिसतो. जुन्या अँड्रॉइडवर ब्लूटूथनं आसपासची उपकरणं शोधायला लोकेशनही लागतं. फोटो आणि फाइलींची परवानगी डायलवर नातवंडांचा फोटो लावायचा असेल तरच द्या.

मग वय, उंची, वजन. आपल्याकडे एक गंमत आहे: मामांच्या पिढीत अर्ध्या गावाचा वाढदिवस १ जून. शाळेत घालताना गुरुजींनी लिहिलेली ती तारीख, आणि वर्षही दोन-तीन इकडेतिकडे. आधारवरची तारीख इथे भरायची सक्ती नाही. घरात माहीत असलेलं खरं वय भरा. व्यायामात ठोके किती वर जाऊ द्यायचे याचा अंदाज बहुतेक घड्याळं २२० वजा वय असा ढोबळ काढतात. वय चुकलं की तो अंदाजही चुकतो. कॅलरींचा आकडा तर वजन-उंचीवरच उभा असतो.

घड्याळ उजव्या हातात घालणार की डाव्या, हेही ॲपमध्ये सांगा.

७. नको ते बंद करा, हवं ते जिवंत ठेवा

जोडणी झाली म्हणजे काम झालं असं नाही. पहिल्या दिवशी मामांच्या हातावर भजनी मंडळ, सोसायटी, माजी विद्यार्थी आणि भाऊबंदांचा ग्रुप असं सगळं मिळून दर मिनिटाला थरथरत होतं. संध्याकाळी त्यांनी ते काढून कपाटात ठेवलं. म्हणून पहिल्याच दिवशी ॲपमधल्या नोटिफिकेशनच्या यादीत जा आणि कॉल, मेसेज, व्हॉट्सॲप सोडून सगळं बंद करा. व्हॉट्सॲपमध्ये ग्रुप म्यूट करा. घरातल्या चार माणसांचेच निरोप हातावर यायला हवेत.

बँकेचा ओटीपीही मनगटावर उमटतो, हे मोठ्यांना सांगून ठेवा. बाजारात शेजारी उभा असलेला माणूस तो वाचू शकतो, आणि फोनवर कोणी ‘घड्याळावर आलेला आकडा सांगा’ म्हटलं तरी सांगायचा नाही.

आता सगळ्यांत जास्त वेळा येणारी तक्रार: ‘दोन दिवस चाललं, आता कॉलच दाखवत नाही.’ घड्याळ बिघडलेलं नसतं. फोन बॅटरी वाचवायला मागे चालणारं ॲप बंद करून टाकतो. फोनच्या सेटिंग्जमध्ये ॲप्स, त्यात घड्याळाचं ॲप, त्यात बॅटरी असं जा आणि ‘अनरिस्ट्रिक्टेड’ निवडा. काही फोनमध्ये ‘ऑटोस्टार्ट’ नावाचं वेगळं बटण असतं, तेही चालू करा. मोठ्यांना आणखी एक सवय असते, फोन ठेवताना सगळी ॲप वर सरकवून साफ करायची. हे एक ॲप तिथे कुलूप लावून ठेवता येतं, ते लावा.

दुसरी तक्रार: ‘फोन कानाला लावला तरी आवाज घड्याळातून येतो.’ कॉलिंगचं घड्याळ जोडलेलं असलं की फोनला ते हेडफोनसारखंच वाटतं. घरातलं बोलणं भर बैठकीत ऐकू जातं आणि माणूस ओशाळतो. कॉल चालू असताना स्क्रीनवर आवाजाचं चिन्ह दाबून ‘फोन’ निवडायला शिकवा. नुसतं कोणाचा कॉल आहे एवढंच हवं असेल तर घड्याळावरचं कॉलचं बटण बंद करून टाका.

गोळ्यांचे गजर मी दोनच लावले, सकाळी ८ आणि रात्री ९. मनगट उचललं की स्क्रीन उजळणं चालू ठेवलं. कायम चालू राहणारा स्क्रीन आणि दिवसभर आपोआप ऑक्सिजन मोजणं बंद केलं. बॅटरी दोन दिवसांवरून पाचवर गेली.

८. हातावर कसं घालायचं

घड्याळाच्या पाठीवर हिरवा दिवा लुकलुकतो. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं. प्रत्येक ठोक्याला मनगटात रक्त वाढतं आणि परत येणारा प्रकाश कमी होतो, त्यावरून ठोके मोजले जातात. ऑक्सिजनसाठी लाल आणि अवरक्त प्रकाश वापरतात. त्यामुळे दिवा आणि कातडी यांत फट राहिली, घड्याळ सैल हलत राहिलं, की आकडे बिघडतात. मनगटाच्या हाडापासून एक बोट वर, घसरणार नाही आणि रुतणार नाही इतपत घट्ट घाला.

आत्यांचे ठोके घड्याळ दाखवेनाच. पट्टा आवळला, पुसलं, पुन्हा जोडलं. मग लक्षात आलं, त्यांच्या डाव्या मनगटावर गोंदण आहे. गोंदणाचा रंग प्रकाश अडवतो. घड्याळ उजव्या हाताला गेलं आणि लगेच ठोके दिसायला लागले. आपल्याकडच्या जुन्या बायकांच्या हातावर गोंदण असतंच, तेव्हा आधी तेवढं बघून घ्या. बांगड्या असतील तर घड्याळ त्यांच्या वर सरकवा, नाहीतर काचेवर ओरखडे येतात.

थंडीतल्या पहाटे हात गार असताना आकडा उशिरा येतो, थोडं चालून अंग गरम झालं की नीट येतो.

९. आकडे कसे वाचायचे आणि कोणते वाचायचे नाहीत

ठोके: पाच मिनिटं शांत बसून बघितले तर मोठ्या माणसांचे मिनिटाला ६० ते १०० हे सर्वसाधारण. एखाद्या आकड्यानं घाबरू नका. रोजच्यापेक्षा बरेच जास्त किंवा कमी सलग काही दिवस दिसले तर डॉक्टरांना दाखवा.

पावलं: घड्याळ हाताची हालचाल मोजतं, पायाची नाही. आरतीला टाळ्या वाजवल्या, कणीक मळली, खडबडीत रस्त्यानं दुचाकीवर गेलं तरी पावलं वाढतात. उलट दोन्ही हातांत पिशव्या धरून मंडईतून आलं तर कमी भरतात. रोज १०,००० पावलं झालीच पाहिजेत ही काही वैद्यकीय रेघ नाही. जपानमध्ये १९६५ साली ‘मानपो-केई’ नावाचं पावलं मोजायचं यंत्र आलं, त्या नावाचा अर्थच दहा हजार पावलांचं मोजमाप, आणि तिथून तो आकडा जगभर पसरला. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम वेगाच्या हालचालीचा सल्ला देते. मामांना मी पावलांऐवजी मिनिटं बघायला शिकवलंय, आणि चढ किती चढायचा हे त्यांच्या डॉक्टरांनी ठरवून दिलंय.

झोप: हालचाल आणि ठोके यांवरून बांधलेला अंदाज. पुस्तक वाचत पडलं तरी झोप धरतं. त्यावर फार विसंबू नका.

रक्तदाब: स्वस्त घड्याळावरचा बीपीचा आकडा बघू नका. मनगटावर दाब देणारा पट्टा नसताना ते घड्याळ खरा दाब मोजत नाही, प्रकाशावरून अंदाज काढतं, आणि काही तर कुठलाही आकडा दाखवतात. सॅमसंगच्या ज्या घड्याळांत ही सोय आहे, तिथेही कंपनीच दर २८ दिवसांनी दंडाच्या पट्ट्याच्या यंत्राशी जुळवून घ्यायला सांगते. ॲपमधून बीपीचा रकाना काढता येत असेल तर काढून टाका. मोठ्यांच्या डोळ्यांसमोर तो येताच कामा नये. घड्याळाच्या आकड्यावरून गोळी कमी-जास्त करायची नाही, हे त्यांच्याकडून वदवून घ्या. माझ्या घरात हे झालंय, म्हणून इतक्या ठासून सांगतेय. घरात बीपीची गोळी चालू असेल आणि यंत्र नसेल, तर आधी दंडाला बांधायचं यंत्र घ्या, घड्याळ नंतर.

साखर: सुई न टोचता साखर सांगणारं घड्याळ म्हणून जे विकलं जातं, ते घेऊ नका. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर इशारा दिला, की अशा एकाही घड्याळाला किंवा अंगठीला त्यांनी मंजुरी दिलेली नाही. चुकीच्या आकड्यावर इन्सुलिन घेतलं तर जिवावर बेतू शकतं.

आणि छातीत दुखायला लागलं, दम लागला, घाम फुटला, तर घड्याळात काय दिसतंय ते बघत बसायचं नाही. १०८ लावायचा.

१०. पाणी, घाम, चार्जिंग

‘आयपी ६८’ म्हणजे धूळ आत जात नाही आणि कंपनीनं ठरवलेल्या खोली-वेळेपर्यंत साधं पाणी चालतं. आपल्याकडच्या पावसाला ते पुरतं. विहिरीत पोहायला जाणार असाल तर ‘५ एटीएम’ लिहिलेलं हवं. त्याचा अर्थ ५० मीटर खोल बुडी मारता येते असा नाही, तेवढ्या स्थिर पाण्याचा दाब सोसतं इतकाच. कठड्यावरून उडी मारताना पाण्याचा मारा बसतो, तेव्हा काढून ठेवा. गरम पाण्याची आंघोळ, वाफ आणि साबण कोणत्याच घड्याळाला मानवत नाहीत.

रोज रात्री काढून पट्ट्याखालची जागा धुवा, कोरडी करा. साबण आणि घाम साचून लाल चट्टे येतात आणि लोक म्हणतात, घड्याळाच्या किरणांनी झालं. चार्जिंगच्या पिना कोरड्या पुसूनच चार्जरला लावा. वेळ ठरवून टाका. आमच्याकडे दिवेलागणीला आत्या देवापाशी दिवा लावतात तेव्हा मामा घड्याळ चार्जिंगला ठेवतात.

११. अडचणीच्या वेळचं बटण

बऱ्याच घड्याळांत एसओएस असतं: बटण दाबून धरलं की ठरवलेल्या नंबरला कॉल जातो. साध्या घड्याळात हा कॉल फोनमधूनच जातो, म्हणजे फोन जवळ हवा आणि रेंजही हवी. पडल्याचं ओळखून आपोआप मदत मागणारी सोय महागड्या घड्याळांत आहे, ॲपलनं ती २०१८ मध्ये आणली. घरी सगळ्यांसमोर एकदा एसओएस दाबून बघा, कोणाला कॉल जातो आणि किती वेळ दाबावं लागतं ते. घरच्यांना आधी कल्पना द्या, आणि तिथे ११२ हा सरकारी मदतीचा नंबर लावला असेल तर सरावासाठी दाबू नका.

घरातलं कोणी परीक्षेला जाणार असेल तर घड्याळ घरीच. नीट आणि एमपीएससीसारख्या परीक्षांना केंद्रावर स्मार्टवॉच चालत नाही.

१२. बिघडलं तर, आणि जुनं देताना

वॉरंटीत असून दाद मिळत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. बिल, अनुक्रमांक आणि आधीच्या तक्रारीचा क्रमांक हाताशी ठेवून बोला. तिथे नाही सुटलं तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग आहे, पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क नाही.

जुनं घड्याळ कोणाला देणार असाल तर आधी ॲपमधून जोडणी काढा, मग घड्याळाच्या सेटिंगमधून रीसेट करा. नाहीतर नव्या माणसाला ते जोडताच येत नाही, आणि आपले नंबर आत राहतात. बॅटरी फुगून स्क्रीन उचलला गेलेलं घड्याळ चार्ज करू नका, घंटागाडीतही टाकू नका. ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.

आमचं ते पहिलं घड्याळ दुरुस्तीनंतर चालू स्थितीत होतं. घरकामाला येणाऱ्या मावशींनी मागितलंही. त्यांच्या घरीही बीपीची गोळी चालू आहे. त्यांना नाही म्हटलं, दुसरं साधं घेऊन दिलं, आणि ते पहिलं ई-कचऱ्यात टाकलं.